ब्लिट्झ 1700 वर अडकलोय, एक वर्ष ड्रॉप घेऊ का?

तुझा मेल वाचला. कॉम्प्युटर सायन्सचं दुसरं वर्ष, लिचेस या ऑनलाइन चेस साइटवर ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) रेटिंग 1700, वर्षभर काटा तिथेच, आणि आता ड्रॉप घेऊन फुलटाइम चेस करू का असं विचारतोयस. सरळ सांगतो, नको घेऊस. तुझ्यात दम नाही असं मात्र मी म्हणत नाहीये.

आधी ते 1700. लिचेसवर नवीन अकाउंट सुरूच 1500 पासून होतं, फिडेचं, म्हणजे जागतिक चेस संघटनेचं, रेटिंगचं गणित वेगळं, तिथे खेळणारी माणसं वेगळी, त्यामुळे हा आकडा उचलून तिकडे लावता येत नाही. आणि साइट तुला तुझ्याच ताकदीचा माणूस शोधून देते म्हणजे साधारण निम्मे डाव तू हरणारच, म्हणून रात्री सलग चार डाव गेले की 'मी संपलो' वगैरे जे लिहिलंयस ते सोडून दे.

मला खरा रस वाटला तो तू पाठवलेल्या डावांत. पांढरी मोहरी आली की ई4, उंट सी4, घोडा जी5, चढ एफ7 वर, म्हणजे काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर! सुरुवातीला त्या प्याद्याला फक्त राजाचा सपोर्ट असतो त्यामुळे खालच्या लेव्हलला हे मस्त चालतं, पण 1700 ला समोरचा शांतपणे डी5 खेळतो, तू प्यादं मारलंस की घोडा ए5 ला नेतो, एका प्याद्याच्या बदल्यात मोहरी भराभर बाहेर काढतो आणि तिथून पुढे तुझ्याकडे प्लॅनच नसतो. मग तू फास्ट खेळायला लागतोस. समोरच्याचा टाइम संपला म्हणून जिंकलेले डाव किती आहेत ते मोज जरा. आणि एंडगेम तर विचारूच नको, एका डावात चक्क लुसेना पोझिशन (हत्ती आणि प्याद्याची, जिंकायची रीत ठरलेली स्थिती) आलेली, हत्ती चौथ्या रांगेत आणून राजाला आडोसा केला की जिंकलास, आणि तू नुसते शह देत बसून ड्रॉ केलास. तू याला अटॅकिंग स्टाइल म्हणतोस, मला ती समोरच्याच्या चुकीवर जगणारी स्टाइल वाटते.

करिअरचं म्हणशील तर ग्रँडमास्टरला फिडेचं 2500 रेटिंग आणि नॉर्म (स्पर्धांमधली ठरावीक दर्जाची कामगिरी) लागतात, ते ब्लिट्झमधून नाही मिळत. नुसतं खेळून घर चालवणारे तिथेही मोजकेच, बाकीचे शिकवतात, कॉमेंट्री करतात, स्ट्रीमिंग करतात. अर्बिटर, म्हणजे चेसचा पंच, व्हायला मोठं रेटिंग लागत नाही, नियम पक्के हवेत आणि डोकं थंड (तुझे चॅटमधले मेसेज बघता आधी या दुसऱ्या गोष्टीवर काम कर). शिवाय लिचेस आणि स्टॉकफिश (चेस खेळणारा प्रोग्राम, म्हणजे इंजिन) दोन्हीचा कोड ओपन आहे, तुझ्या शिक्षणाला हे सगळ्यात जवळचं, आणि याबद्दल तू मेलमध्ये एक शब्द लिहिला नाहीस याचं आश्चर्य वाटलं.

सध्या कॉलेज चालू ठेव. बुलेट (ब्लिट्झहूनही झटपट डाव) बंद, ब्लिट्झ फक्त सुट्टीच्या दिवशी, आठवड्यात दोन-तीन डाव 15+10 चे (15 मिनिटं आणि दर चालीला 10 सेकंद जादा) खेळ आणि हरलास की लगेच इंजिन लावू नको, आधी स्वतः शोध कुठे घसरलास ते. मग एक फिडे रेटेड क्लासिकल टूर्नामेंट खेळ, समोरासमोर, जिथे हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं, चाली हाताने लिहाव्या लागतात आणि एकेक डाव चार-चार तास चालतो. ते बसणं आवडतंय का बघ, कंटाळा आला तरी काही बिघडत नाही, चेस छंद म्हणूनही झकास आहे. त्यानंतर मला मेल कर, रेटिंगचा स्क्रीनशॉट नको, हरलेले डाव आणि त्यावर तू स्वतः लिहिलेलं पाठव.