दोन तळ्यांमधलं गाव

प्रिय मुली,

तुला अमेरिकेतल्या मॅडिसनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं आईने कळवलं, तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं. कुकर आणायचा का, थंडीचे कपडे तिथे घ्यायचे की इथून, हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं आहे. हे पत्र गावाबद्दल आहे. इथे येणारी आपली बरीच मुलं विद्यापीठात राहतात, गावात राहत नाहीत. लॅब, लायब्ररी, मराठी मुलांची एक खोली, शिकागोला जाणारी बस, एवढ्यात दोन वर्षं संपतात. माझं पहिलं वर्ष असंच गेलं आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

गाव मोठं नाही. २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती २,६९,८४० होती, म्हणजे आपल्या सांगली-मिरजेच्या साधारण निम्मी. विद्यार्थी ५०,००० च्या घरात. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर जुनं गाव वसलं आहे. पट्टीच्या मधोमध कॅपिटॉल, म्हणजे विस्कॉन्सिन राज्याचं विधान भवन. तिथून स्टेट स्ट्रीट निघतो आणि मैलभरावर बॅस्कम टेकडीच्या पायथ्याशी, विद्यापीठाच्या दारात संपतो. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात हा रस्ता पायी चाल. एका टोकाला सरकार, दुसऱ्या टोकाला विद्यापीठ, मध्ये दुकानं आणि माणसं. गावाचा स्वभाव त्या मैलभरात आहे. खासगी मोटारींना तिथे मज्जाव आहे, त्यामुळे निवांत चालता येतं.

टेकडी चढलीस की बॅस्कम हॉलच्या दाराशी एक कांस्यफलक दिसेल. १८९४ साली रिचर्ड इली नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकावर संपांना पाठिंबा देतो, समाजवाद शिकवतो असा आरोप झाला. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं आणि निर्भयपणे चाळत-पाखडत राहिल्यानेच सत्य हाती लागतं, अशा अर्थाचं वाक्य लिहून ठेवलं. फलकावर तेच आहे. आपण सूप हातात धरून पाखडणारी आजी पाहिलेली माणसं, आपल्याला ते वाक्य समजावून सांगावं लागत नाही. वर्गात तुझे प्राध्यापक तुझ्याकडून हेच मागतील. गप्प बसून टिपणं काढणारी मुलगी त्यांना हुशार वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्याच टेकडीवर २०१९ साली बसवलेला दुसरा फलक आहे. ही जमीन हो-चंक या इथल्या मूळ रहिवाशांची. त्यांच्या भाषेत या जागेचं नाव देजोप, म्हणजे चार तळी. १८३२ च्या कराराने त्यांना ती सोडायला लावली. विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या पूर्वजांनी पशुपक्ष्यांच्या आकारात रचलेले मातीचे उंचवटे अजून आहेत. त्यांच्यावरून चालू नकोस.

इथल्या लोकांना विद्यापीठाचा अभिमान का, हे तुला दुधावरून लवकर कळेल, कारण तुझे आजोबा डेअरीला दूध घालायचे. १८९० साली इथल्याच प्राध्यापक स्टीफन बॅबकॉकने दुधातली फॅट मोजायची सोपी पद्धत काढली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. त्याआधी पाणी घालणारा आणि निर्मळ दूध घालणारा, दोघांना एकच भाव मिळायचा. आपल्याकडच्या संकलन केंद्रावरची यंत्रं निराळी, पण फॅटवर भाव ही गोष्ट तीच. त्याच्या नावाच्या बॅबकॉक हॉलमध्ये विद्यापीठाचं स्वतःचं आइस्क्रीम मिळतं, ते जरूर खा. विद्यापीठाची हद्द म्हणजे राज्याची हद्द, म्हणजे इथल्या ज्ञानाचा उपयोग राज्यभर व्हावा, असं इथे शंभराहून जास्त वर्षं म्हणत आले आहेत. हरगोविंद खुराना यांना १९६८ साली नोबेल मिळालं तेव्हा तेही इथेच होते.

आता घराचं. जुन्या वस्तीतले बहुतेक भाडेकरार १४ ऑगस्टला संपतात आणि नवे १५ ला सुरू होतात. त्या एका रात्रीत हजारो मुलांना डोक्यावर छप्पर नसतं. सामान ओळखीच्यांच्या व्हरांड्यात टाकून ती जागरण करतात. फुटपाथवर टेबलं, दिवे, पुस्तकांचे कप्पे, पंखे यांचे ढीग लागतात आणि कुणीही उचलून नेतं. इथे त्याला हिप्पी ख्रिसमस म्हणतात. लाकडी टेबल, खुर्ची, दिवा बिनधास्त उचल. गादी आणि सोफा कितीही चांगला दिसला तरी हात लावू नकोस, ढेकूण घरात आले की महिनोन्महिने जात नाहीत. मी ज्या लाकडी टेबलावर प्रबंध लिहिला ते असंच मिळालेलं होतं. त्याच्या खणात आधीच्या मुलीने एक चिठ्ठी ठेवली होती, डावा पाय हलतो, पुठ्ठा घाल. मी पुठ्ठा घातला आणि जाताना ती चिठ्ठी परत खणात ठेवली.

खोलीचा ताबा घेतलास की पहिल्या सात दिवसांत भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, गालिच्यावरचा प्रत्येक डाग लिहून घरमालकाला दे आणि फोटो काढून ठेव. मी ते केलं नव्हतं. माझ्या आधीच्या भाडेकरूने जाळलेल्या ओट्याचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. घर सोडल्यावर २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कापलेल्या रकमेचा हिशेब द्यावा, असा इथला नियम आहे. तो पाठ करून ठेव.

हे गाव बोलतं, भांडतं, रस्त्यावर उतरतं. २०११ च्या फेब्रुवारीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे हक्क कापणारं विधेयक आलं तेव्हा तुझ्यासारखेच शिकणारे-शिकवणारे विद्यार्थी कॅपिटॉलच्या संगमरवरी फरशीवर रात्रंदिवस मुक्काम ठोकून होते. पण याच गावात २४ ऑगस्ट १९७० च्या पहाटे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांनी विद्यापीठाच्या स्टर्लिंग हॉलबाहेर बॉम्ब उडवला. त्यांचा रोख लष्करासाठी चालणाऱ्या गणित केंद्रावर होता. मेला रॉबर्ट फासनॅक्ट, भौतिकशास्त्राचा ३३ वर्षांचा संशोधक, त्याचा त्या केंद्राशी संबंधही नव्हता. घरी तीन लेकरं होती. त्या इमारतीवर त्याच्या नावाचा फलक आहे. मोर्चात जाशील तेव्हा जा, मी अडवणार नाही, पण आधी तो फलक वाचून ये. आणि हेही बघ, की मोकळ्या मनाच्या या गावात गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांमधली दरी फार खोल आहे. स्टेट स्ट्रीटवर ती दिसत नाही. पार्क स्ट्रीटने दक्षिणेला बसने गेलीस की दिसू लागते.

थंडीला घाबरू नकोस. मेंडोटा बहुधा नाताळाच्या आसपास गोठतं. ते कधी गोठलं, कधी फुटलं याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून ठेवलेल्या आहेत. बर्फ जाड झाला की लोक त्याला भोक पाडून मासे धरत बसतात. रात्री काठावर उभी राहिलीस तर बर्फाच्या पोटातून लांबलचक घुमणारा आवाज येतो, दूर कुठेतरी पखवाजावर थाप पडावी तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. बर्फावर एकटी कधीच उतरू नकोस, आणि कडेला, झऱ्याजवळ तर मुळीच नाही.

एप्रिल ते नोव्हेंबर दर शनिवारी सकाळी कॅपिटॉलभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ पासून. जो पिकवतो किंवा बनवतो त्यानेच विकायचं, हा नियम. ताज्या चीजचे गोळे दाताखाली चर्र वाजतात. आग्नेय आशियातून इथे आलेल्या हमोंग समाजाच्या शेतकरणींकडे कारली, गवती चहा आणि मुळांसकट कोथिंबीर मिळते. सगळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, आपल्या प्रदक्षिणेच्या अगदी विरुद्ध, आणि तू चुकून आपल्या सवयीने निघालीस की सारी गर्दी अंगावर येते.

तू पोचल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातला स्टेट स्ट्रीटच्या तोंडाशी, कॅपिटॉलच्या पायऱ्यांजवळ ये. मी कापडी पिशवी घेऊन उभी असेन. कोथिंबिरीची जुडी घेऊ आणि तिथून टेकडीपर्यंत चालत जाऊ.

तुझी,
मावशी