वाचकांचे प्रश्न: मेटलमध्ये एल्विस कशाला आणला?

प्रश्न: मी भुसावळचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, वडील रेल्वेत आहेत. डेन्मार्कच्या व्होलबीट बँडचा 'गॉड ऑफ एंजल्स ट्रस्ट' हा अल्बम मला जाम आवडलाय, रोज ऐकतो. पण आमच्या ग्रुपमधले दोघं म्हणतात हे खरं मेटलच नाही, रॉकाबिली आणि पंक घालून भेसळ केलीय, गाणारा तर एल्विसची नक्कल करतो. त्यांना काय सांगू?

उत्तर: अरे भाऊ, आधी त्यांना सांग की हा माणूस मेटलमध्ये पाहुणा म्हणून आलेला नाहीये. व्होलबीटचा गायक मायकेल पॉलसन आधी डॉमिनस नावाच्या डेथ मेटल बँडमध्ये होता, त्यांच्या तिसऱ्या अल्बमचं नाव 'व्हॉल.बीट', त्यावरूनच २००१ मध्ये कोपनहेगनला नवा बँड काढला तेव्हा हे नाव घेतलं. २०२३ मध्ये पुन्हा असिनहेल म्हणून डेथ मेटलचाच बँड काढला त्याने. म्हणजे घसा फोडून ओरडणं त्याला येत नाही असं अजिबात नाही, तरी व्होलबीटमध्ये तो मुद्दाम गातो, कारण घरात आईवडिलांनी एल्विस आणि जॉनी कॅशच्या रेकॉर्ड लावलेल्या असायच्या आणि त्या ऐकतच हा पोरगा मोठा झाला. लहानपणी कानावर पडलेलं असं गळ्यातून येतं तेव्हा त्याला नक्कल कसं म्हणायचं? मला तरी म्हणता येत नाही.

आता भेसळीचं. तू भुसावळचा आहेस म्हणून तुला हे पटकन कळेल. यार्डाच्या बाजूला उभा राहा, मालगाडी सांध्यावरून हळू जाताना चाकांचा जो खटक-खटक, खटक-खटक आवाज येतो ना, तो नीट ऐक, आणि मग जॉनी कॅशचं १९५६ चं 'आय वॉक द लाइन' लाव. त्या रेकॉर्डिंगला ड्रमर नव्हताच! कॅशने गिटारच्या तारांमध्ये कागद सरकवला आणि वाजवली, तो कागद फरफरतो आणि स्नेअर (ड्रमसेटमधला तडतडणारा ड्रम) वाजतोय असं वाटतं. गाडीच्या त्या चालीला ट्रेन बीटच म्हणतात. दोन वर्षं आधी, १९५४ मध्ये, मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विसची पहिली रेकॉर्ड झाली, तिथेही ड्रम नाही, बिल ब्लॅक उभा बास (माणसाएवढं, व्हायोलिनच्या आकाराचं वाद्य) घेऊन त्याच्या तारा ओढून लाकडावर आपटत होता, तोच ताल आणि तोच ठोका. यालाच पुढे रॉकाबिली म्हणायला लागले. मग १९७६ मध्ये रामोन्सचा पहिला अल्बम आला, त्यांनी जुनं रॉक अँड रोलच घेतलं, सगळी सजावट काढून टाकली आणि गाडी फुल स्पीडला सोडली, ते झालं पंक. मेटलमधल्या मोटरहेडचा लेमी तर आयुष्यभर म्हणत राहिला की आम्ही रॉक अँड रोल वाजवतो, आणि २००० मध्ये त्याने रॉकाबिलीसाठी वेगळा बँडच काढला. आता सांग, यात बाहेरून काय आलं? एकाच घरातले भाऊ आहेत सगळे, वाटण्या नंतर झाल्या.

मित्रांना 'सॅड मॅन्स टंग' ऐकव, २००७ च्या अल्बममधलं. सुरुवातीला साध्या गिटारवर कॅशची चाल, आणि ती चालू असतानाच डिस्टॉर्शन (गिटारचा फाटलेला, जड आवाज) येऊन अंगावर आदळतं, पण पायाचा ठेका बदलत नाही, हे बघायला सांग त्यांना. मग 'सिक्स्टीन डॉलर्स' लाव, २०१० चं, ते सरळसरळ रॉकाबिली. नव्या अल्बमबद्दल म्हणशील तर तो जून २०२५ चा, त्यांचा नववा. पूर्वी अँथ्रॅक्समध्ये असलेला गिटारवाला रॉब कॅजियानो २०२३ मध्ये बाहेर पडल्यावर हे तिघंच उरले, पॉलसन, ड्रमवर यॉन लार्सन आणि बासवर कास्पर बोये लार्सन. आणि त्याच वर्षी पॉलसनच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं हे लक्षात ठेवून त्याचा आवाज ऐक, मी ते समजल्यावर पुन्हा पहिल्यापासून ऐकला आणि मला तो जास्तच आवडला. माझं मत विचारशील तर यात रॉकाबिली 'सिक्स्टीन डॉलर्स'इतकी वर दिसत नाही, रिफ (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळी) जास्त जड आहेत, ती खाली मुरलीय. मुरलेली मला जास्त भावते.

प्रश्न: आम्ही जळगावचे चौघं, दोन गिटार, बास, ड्रम. रॉकाबिली घालून एक गाणं बसवायचंय पण उभा बास कुठून आणणार? बाकी पण तसा जुना आवाज येत नाही.

उत्तर: उभ्या बासच्या मागे लागू नका, महाग पडेल आणि टेम्पोशिवाय हलणार नाही. आहे त्याच बास गिटारला ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा छोटा तुकडा घाला, भांडी घासायचा असतो तो चालतो, म्हणजे सूर लांबत नाही, 'टुप' करून तिथेच बसतो. शक्य असेल तर फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुळगुळीत वेटोळ्याच्या तारा लावा. गिटारचा जुना आवाज हवा तर डिले (प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) वापरा, एकच रिपीट, साधारण १०० ते १२० मिलिसेकंद, त्याला स्लॅपबॅक म्हणतात. सॅम फिलिप्सने सन स्टुडिओत हेच दोन टेप मशीन लावून केलं होतं, तुमच्याकडे तर ते फोनच्या ॲपमध्ये पण मिळेल. आणि गेन कमी करा रे! सगळ्यांची चूक इथेच होते, डिस्टॉर्शन इतकं वाढवतात की ठेका त्याच्यात बुडून जातो. ड्रमवाल्याला आधी आठ दिवस फक्त स्नेअरवर ट्रेन बीट वाजवायला लावा, हळू, ब्रश नसतील तर स्नेअरवर वर्तमानपत्राची घडी ठेवून. तो बसला की मग स्पीड वाढवा, पंक आपोआप येईल.

प्रश्न: आम्ही चाळीसगावचे. माझी मुलगी नववीत आहे, दिवसभर व्होलबीटच ऐकते, आता तिने अहिराणीत एक गाणं लिहिलंय आणि तसल्याच चालीवर म्हणते. तिचे मामा हसतात, म्हणतात अहिराणीत कुठे असलं गाणं असतं का. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: ताई, तिला लिहू द्या, आणि मामांना माझा निरोप द्या की डेन्मार्क हा सगळा देश जेमतेम ६० लाखांचा, तिथला हा बँड जगभर इंग्रजीत गातो, पण २०१६ च्या 'फॉर एविग्ट' या गाण्याचं धृपद डॅनिशमध्ये आहे, योहान ओल्सेन म्हणून तिकडचा गायक आहे त्याने गायलंय, आणि त्याच्याच आधी २००७ मध्ये 'द गार्डन्स टेल'मध्येही डॅनिश आहे. २०१७ ला कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियममध्ये ह्यांचा शो भरला होता, आपल्या भाषेत गायला कोणाला लाज वाटली नाही.

आणि अहिराणी तर या तालाला फार छान बसते हो. मना, तुना, उना, गया, सगळे दोन ठोक्यांचे शब्द, पहिल्यावर जोर. कानबाईच्या रात्री बायका टाळ्यांवर गाणी म्हणतात तेव्हा तिने तिथे बसून नुसत्या टाळ्या मोजाव्यात, शब्द कुठे तोडतात आणि श्वास कुठे घेतात ते बघावं. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. गाणं झालं की फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवायला सांगा, मी ऐकेन आणि काय वाटलं ते पुढच्या अंकात इथेच लिहीन.