अमेरिकेत पोलिसांनी रस्त्यात उगाच अडवून ठेवलं तर फेडरल (केंद्रीय) कोर्टात अपील करून फायदा होतो का?

कायद्याला होतो, माणसाला होईलच असं नाही. रॉड्रिगेझची केस बघा. 2012, नेब्रास्का, मध्यरात्र, गाडी जरा शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीवर गेली म्हणून अडवलं, लेखी वॉर्निंग दिली, कागद परत केले आणि मग विचारलं, गाडीभोवती ड्रग्ज हुंगणारा कुत्रा फिरवू का? हा नाही म्हणाला. तरी दुसरा पोलीस येईपर्यंत थांबवलं, सात-आठ मिनिटं गेली, कुत्र्याला वास आला आणि मेथ हे ड्रग सापडलं. एट्थ सर्किट, म्हणजे तिथलं फेडरल अपील कोर्ट, म्हणे एवढ्या वेळाने काय बिघडतं. सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये 6-3 ने ते उलटवलं, वाहतुकीचं काम संपलं की वेगळा ठोस संशय नसेल तर धरून ठेवता येत नाही. पण केस परत खाली गेल्यावर सर्किटने शिक्षा कायमच ठेवली, का तर पोलीस तेव्हाच्या निकालांना धरून वागला होता!

पण हे सगळं तो 'नाही' म्हणाला म्हणून झालं. आमच्या साडूंना हेच कळत नाही. आय-80 हायवेवर आम्हाला असंच थांबवलेलं, वॉर्निंग देऊन झालं, लायसन्स हातात आलं, पोलीस म्हणाला जरा गाडी बघू का. मी मागून मराठीत ओरडतोय नाही म्हणा, नाही म्हणा, आणि हे हसत "यस यस, गो अहेड". गाडी त्यांची, मला कोण विचारतो. सासूबाईंनी दिलेल्या पिशव्या एकेक करून गवतावर, मेतकुटाची पिशवी फोडून त्याने नाकाला लावली, शिंकला, मग दुसऱ्याला बोलावून वास घ्यायला लावला. साडू अजूनही म्हणतात, लपवायला काही नव्हतं तर नाही कशाला म्हणायचं? अहो, तुम्ही स्वखुशीने हो म्हणालात की झडतीवर अपिलात बोलायला फारसं उरतच नाही, आणि नाही म्हणता येतं हे पोलिसाने सांगायलाच पाहिजे असंही नाही, सुप्रीम कोर्टाने 1973 मध्येच सांगून ठेवलंय.

आणि हो, गुन्हा कबूल करायचा झाला तर अपिलाचा हक्क लेखी राखून करा, रॉड्रिगेझने तेच केलेलं. मी वकील नाही. एअरपोर्ट, बॉर्डरवर यातलं बरंचसं चालत नाही आणि इमिग्रेशनवाल्यांनी धरलं असेल तर रस्ताच वेगळा, सरळ वकील गाठा. साडूंना विचारू नका.