‘बाबा शाळेत मार खायचे का?’

*ताई, माझा शाळेतला मित्र तीन महिन्यांपूर्वी अचानक गेला. दहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, पुढे मात्र वर्षाकाठी एखादा फोन. आता वर्गातल्यांनी स्मरणसभा ठरवली आहे आणि मीच बोलावं असा आग्रह आहे. लिहायला बसलो की हात थांबतो. मी नऊ वर्षांचा असताना माझे वडील गेले, तेच सगळं वर येतं. सगळे म्हणतात, देवमाणूस होते. मित्राच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या सात वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘बाबा शाळेत मार खायचे का?’ मी म्हटलं, ‘छे, सगळ्यात हुशार होता तो.’ सभेत काय बोलू?*

भाषण दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. सभेत चांगलं बोलणारे पुष्कळ निघतात.

मी अडकले ते त्या ‘छे’पाशी. खायचाच ना मार? नाही तर एवढ्या घाईने ‘छे’ म्हणाला नसता तुम्ही.

वडिलांबद्दल तुमच्या अख्ख्या पत्रात एकच शब्द आहे, देवमाणूस. तोही लोकांनी दिलेला. ते कशावर चिडायचे, काय गुणगुणायचे, लहानपणी कुणाच्या खोड्या काढायचे, यातलं काहीच नाही. मोठ्यांनी तो शब्द हातात ठेवला आणि विषय बदलला, असंच झालं असणार. आणि तुम्ही त्या पोरीला काय दिलंत? ‘हुशार.’ राग आला मला तुमचा, स्पष्टच सांगते.

सातव्या वर्षी बहुतेक मुलांना कळलेलं असतं की गेलेलं माणूस परत येत नाही. म्हणून ती ‘बाबा कधी येणार’ असं विचारत नाही, कसे होते ते विचारते. उत्तर मिळालं की खेळायला पळेल, त्याने बिचकू नका. मुलं दुःख सलग करत नाहीत, मधून मधून करतात. तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी जवळजवळ कुणालाच आठवत नाही, म्हणजे तिच्या वाट्याला वडिलांची जेमतेम चार वर्षं, तीही तुटक. त्याची शाळेतली दहा वर्षं तुमच्याकडे आहेत. तिच्या आईकडेसुद्धा ती नाहीत.

या रविवारी जा. आधी तिच्या आईला फोन करा, मग त्या मुलीसमोर बसा आणि म्हणा, ‘त्या दिवशी मी खोटं बोललो. खायचे, चांगला सपाटून खायचे.’ कशाबद्दल ते तुम्हाला ठाऊक. शेवटी ‘पण पुढे किती मोठा झाला बघ’ असली शेपटी लावू नका. ती म्हणेल, परत सांगा. परत सांगा. चौदाव्या वर्षी हेच ती वेगळ्या कारणाने विचारेल, तेव्हाही सांगा.

सांगताना तुम्हाला रडू येईल. ‘काका, का रडता?’ असं तिने विचारलं, तर म्हणा, माझे बाबा मार खायचे का, ते मला कुणी सांगितलंच नाही.