फटाके फोडणाऱ्या बुलेटींचं काय करायचं? वाचकांचे प्रश्न

सीझन आला की गाड्यांच्या आवाजाबद्दलच्या मेसेजेसची लाइन लागते, त्यातले काही निवडून इथे उत्तरं देतोय. भाषा तुमचीच ठेवलीय, शिव्या तेवढ्या काढल्यात.

प्रश्न (हर्णैजवळ होमस्टे चालवणाऱ्या एक ताई): शनिवारी रात्री बारा-एकला बाइकवाल्यांचा घोळका येतो आणि आमच्या आळीतून सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज काढत फिरतो. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये 95 डेसिबल दाखवतं, हा पुरावा चालेल का? वाडीतली पोरं म्हणतायत की रस्त्यात लाकूड आडवं टाकू.

उत्तर: ताई, आधी ते लाकूड बाजूला. अंधारात कुणी त्यावर आपटून पडला तर केस तुमच्या पोरांवर होईल आणि तो बाइकवाला फिर्यादी होऊन बसेल.

आता अ‍ॅपचं. मोबाइलचा माइक कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मोजमापासाठी तपासून जुळवलेला नसतो त्यामुळे तो आकडा अंदाज म्हणून ठीक, पुरावा म्हणून कच्चा. तसंही डेसिबलच्या मागे लागलात की माणूस अडकतो, कारण 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 अशी मर्यादा आहे खरी, पण ती ठराविक वेळेच्या सरासरीवर मोजतात, दहा सेकंदात निघून गेलेल्या एका गाडीला ती लावायची कशी? गाडीची स्वतःची मर्यादा वेगळी असते, 80 सीसीपर्यंत 75, 175 सीसीपर्यंत 77 आणि त्याच्यावर 80 डेसिबल, पण ती कंपनीत गाडी पास होताना साडेसात मीटरवर माइक ठेवून तपासतात. तुमच्या पडवीतून ते मोजमाप होत नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आवाज मोजत बसू नका, सायलेन्सर धरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-ए(4) मध्ये दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. यात मीटर लागत नाही. सायलेन्सर बदललाय हे हवालदाराला उभ्या गाडीकडे बघून कळतं. शिवाय कलम 190(2) आहे, आवाजाचं प्रमाण मोडणारी गाडी चालवली तर पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने बाद.

तुमचं काम एवढंच, की नंबरप्लेट दिसेल असा आवाजासकट व्हिडिओ, तारीख, वेळ आणि जागा. घोळका समोर असतानाच 112 ला फोन लावा, दुसऱ्या दिवशी लावून उपयोग नाही. नंतर पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, एक प्रत आरटीओला, आणि दोन्हीकडून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तिथेच विरून जातं, पोच असली की निदान विचारता येतं पुढे काय झालं म्हणून. आणि त्यातले काही तुमच्याच आळीतल्या होमस्टेचे गेस्ट असणार, तेव्हा सगळ्या होमस्टेवाल्यांनी मिळून बुकिंगलाच सांगून टाका की रात्री दहानंतर गाडी बंद. दोन बुकिंग जातील, जाऊ देत.

प्रश्न (कुडाळ तालुक्यातले एक आजोबा): आमच्या भावकीतलाच मुलगा, वय 16, वडिलांची बुलेट घेऊन दिवसभर वाडीत धुडगूस घालतो. हिला बीपीचा त्रास आहे. वडील मुंबईला असतात. तक्रार केली तर कायमचा वाईटपणा.

उत्तर: आजोबा, इथे आवाज ही छोटी गोष्ट झाली. 16 व्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळतं, बुलेट 350 ची, म्हणजे तो विनालायसन्स चालवतोय. आणि कलम 199-ए प्रमाणे यात जबाबदार धरतात ते पालकाला किंवा गाडीमालकाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या पोराला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. मी तुमच्या जागी असतो तर चौकीत न जाता मुंबईला फोन लावला असता, रागाने नाही, काळजीने, "बाबा रे, पोरगा कुठे धडकला तर आत तू जाशील" एवढंच. बहुतेक वेळा चावी कपाटात जाते. नाही गेली तर गणपतीला त्याचा बाप घरी येईलच, तेव्हा चार वडीलधाऱ्यांसमोर बोला. त्यानंतरही नाहीच ऐकलं तर अर्ज करा, मग वाईटपणा तुमच्याकडून नाही.

प्रश्न (चिपळूणचा एक तरुण): सेकंडहँड बुलेट घेतली, सायलेन्सर आधीच्या मालकानेच बदललाय, मग दंड मी का भरू? आणि घाटात मोठ्या आवाजाने समोरचा सावध होतो, सेफ्टीच आहे ना?

उत्तर: कारण आता आरसीवर तुझं नाव आहे आणि हँडल तुझ्या हातात. जुन्या मालकाशी काय ते तू बघ.

सेफ्टीचं म्हणशील तर सायलेन्सरचं तोंड मागे असतं रे, त्यामुळे सगळ्यात जास्त आवाज जातो मागच्याला. कुंभार्ली घाटात वळणापलीकडून येणाऱ्या ट्रकला तुझा हॉर्न आणि हेडलाइट कळतो, आणि तू तुझ्या लेनमध्ये असणं जास्त महत्त्वाचं. ते फटाकेही कौतुकाचे नाहीत, चालत्या गाडीत इग्निशन बंद-चालू केलं की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन भडकतं, तोच तो आवाज.

डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात बसवायचा आवाज कमी करणारा तुकडा, तो बसवला की झालं असं गॅरेजवाला सांगेल. आवाज उतरतो, पण बदललेला सायलेन्सर बदललेलाच राहतो. कंपनीचा ओरिजिनल शोध, काढलेले चांगले पीस गॅरेजवाल्यांकडे पडून असतात, आणि बसवल्याचं बिल जपून ठेव. चलन आधीच आलं असेल तर त्यावरची रक्कम कायद्यातल्या कमाल दंडापेक्षा कमी असू शकते, तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, ती भरून मोकळा हो.

प्रश्न (रत्नागिरीतल्या एक शिक्षिका): शाळेसमोर सतत हॉर्न वाजवतात, काही नियम आहे का?

उत्तर: आहे. शाळा, हॉस्पिटल, कोर्टाभोवतीचं 100 मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, जिथे तसं जाहीर झालंय तिथे हॉर्न बंद. कलम 194-एफ, पहिल्यांदा 1,000, पुढे 2,000. मुख्याध्यापकांच्या सहीने नगरपरिषदेकडे आणि ट्रॅफिक पोलिसांकडे बोर्ड मागा, बोर्ड नसला की वाजवणारा हुज्जत घालतो.

प्रश्न (मालवणहून): माझ्या गाडयेचो सायलेन्सर गंजलो, भोक पडला, आता ट्रॅक्टरसारखी वाजता. पोलीस धरतले काय?

उत्तर: धरू शकतात, कारण आवाज दाबणारा सायलेन्सर चालू स्थितीत असणं बंधनकारक आहे, पण तुमची गाडी मुद्दाम बदललेली नाही हे बघणाऱ्याला कळतं. आपल्याकडे हे होणारच, बाहेरून खारी हवा, आणि आतून पाणी. पेट्रोल जळताना वाफ होते, घर ते जेटी एवढीच गाडी फिरवली तर सायलेन्सर पुरता तापत नाही आणि ते पाणी आतच राहून गंज धरतो. छोटं भोक असेल तर गॅस वेल्डिंगने पॅच मारून घ्या, पत्रा बोटाने दाबला तरी आत जात असेल तर पॅच टिकायचा नाही, नवीनच घ्या. इंजिनाकडच्या जॉइंटचं गॅस्केटही बघायला सांगा, कधीकधी आवाज तिथूनच येत असतो. आणि काही सायलेन्सरना खालच्या बाजूला पाणी निघायला कंपनीनेच एक बारीक भोक ठेवलेलं असतं, वेल्डिंगवाल्याला ते बुजवू देऊ नका.