उरूस, संदल, जत्रा : निमंत्रणपत्रिकेत कोणता शब्द कुठे?

प्रश्न : आमच्या गावच्या दर्ग्याच्या कार्यक्रमाची पत्रिका मराठीत काढायची आहे. जुन्या पत्रिकांत 'उर्स', 'उरुस', 'उरूस यात्रा', 'संदल उरूस' असे काहीही छापलेले दिसते. उरूस म्हणजे पुण्यतिथी का? मग सरळ 'पुण्यतिथी उत्सव' लिहावे का? आणि 'ती दर्गा' की 'तो दर्गा'?

उत्तर : आधी लेखन निकालात काढू. अरबी शब्द आहे 'उर्स', अर्थ लग्न किंवा लग्नाचा सोहळा. मराठीने त्यातले जोडाक्षर सोडवून घेतले. कब्रची कबर, हुक्मचा हुकूम, जख्मची जखम झाली तसा उर्सचा उरूस झाला. मराठी पत्रिकेत हेच रूप लिहा. उपान्त्य 'रू' दीर्घ, आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व : उरूस, पण उरुसाला, उरुसात, उरुसाचा. फूल–फुलाला जसे चालते तसेच. 'उरुस' असे सुटे रूप चुकीचे आणि 'उरूसाला' हेही चुकीचे. पत्रिकांत या दोन चुका सर्वांत जास्त असतात.

दर्गा मराठीत पुल्लिंगी. तो दर्गा, ते दर्गे, दर्ग्यात, दर्ग्यावर. 'ती दर्गा' हे हिंदीतल्या स्त्रीलिंगी 'दरगाह'चे सावट आहे. मूळ फारसी दरगाह म्हणजे उंबरठ्याची जागा, त्यावरून दरबार. मजार आणि कबर मात्र स्त्रीलिंगी. मजार म्हणजे झियारतीची, दर्शनाला जाण्याची जागा. मजार आणि झियारत हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. कबर कोणाचीही असते, मजार म्हटले की तिथे दर्शनाला येणारे लोक गृहीत असतात. दर्गा म्हणजे मजार, तिच्यावरची इमारत, आवार, मशीद, विहीर असा सगळा परिसर. म्हणून चादर 'मजारीवर' चढते आणि लोक 'दर्ग्यात' जमतात. चिल्ल्याची गोष्ट वेगळी आहे. फारसी चिहिल म्हणजे चाळीस. जिथे एखाद्या वलीने, म्हणजे सूफी संताने, चाळीस दिवस एकांतात उपासना केली ती जागा चिल्ला. तिथे कबर नसते, त्यामुळे चिल्ल्याच्या पत्रिकेत 'मजार शरीफ' छापले की जाणकार बोट ठेवतात.

आता पुण्यतिथीबद्दल. तारीख मृत्यूचीच असते, हे खरे. पण सूफी परंपरेत वलीच्या देहत्यागाला 'विसाल' म्हणतात, विसाल म्हणजे मीलन. जीव आपल्या प्रियकराला, म्हणजे ईश्वराला, जाऊन मिळाला तो दिवस लग्नाचा, आणि म्हणून उरूस. मराठवाड्यात हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. पैठणची नाथषष्ठी पाहा. फाल्गुन वद्य षष्ठी हा एकनाथ महाराजांनी देह ठेवला तो दिवस. त्या दिवशी गावोगावच्या दिंड्या येतात, अष्टमीला काला होतो, आणि 'नाथांची पुण्यतिथी' असे वारकऱ्याच्या तोंडी सहसा येत नाही. उरुसाला पुण्यतिथी म्हटले की नेमका हाच आनंदाचा अर्थ गळतो. माझे स्पष्ट मत : 'पुण्यतिथी उत्सव' लिहू नका. उरूस हा शब्द मराठीच आहे, त्याला पर्याय शोधण्याची गरज नाही.

जत्रेचे काय? इथे क्रियापद बघावे. 'उरूस भरला' म्हणतो तेव्हा पाळणे, मिठाईची दुकाने, बांगड्यांच्या राहुट्या, कुस्त्यांचा फड डोळ्यांपुढे असतो. 'भरणे' हे जत्रेचे क्रियापद उरुसाने उचलले आहे. 'उरूस झाला' किंवा 'उरूस साजरा झाला' म्हणतो तेव्हा दर्ग्यातले विधी अभिप्रेत असतात. दोन्ही बरोबर. 'उरूस यात्रा' हा जोड मात्र टाळावा, कारण त्यातून विधी कळत नाही आणि जत्राही कळत नाही. बाजाराबद्दल सांगायचे तर 'उरुसानिमित्त जत्रा' किंवा 'उरुसाची जत्रा' लिहा.

संदल हा उरुसाचा एक भाग आहे, समानार्थी शब्द नाही. संदल म्हणजे चंदन. संस्कृत चंदन इराणमार्गे अरबीत गेले, संदल होऊन फारसी-दखनीतून आपल्याकडे परत आले, आणि आज मराठीत दोन्ही शब्द आपापल्या कामावर आहेत : देवाला चंदन, पिराला संदल. विधीचा क्रम साधारण असा : मजारीवरची जुनी आच्छादने, म्हणजे गलेफ, उतरवतात, मजारीला गुसल देतात म्हणजे पाण्याने आणि गुलाबपाण्याने धुतात, संदलाचा लेप लावतात, मग नवा गलेफ, त्यावर फुलांची चादर, अत्तर, ऊद-लोबानाचा धूप, फातेहा म्हणजे कुराणातली प्रार्थना, आणि शेवटी तबर्रुक म्हणजे प्रसाद वाटतात. हा लेप ज्या भांड्यांतून मिरवत आणतात ती मिरवणूकही 'संदल'च, म्हणून 'संदल निघाला', 'संदल चढला' असे आपण बोलतो. लेप चंदनाचे खोड सहाणेवर उगाळून केलेला असेल तर तो आपोआप दाट होतो. तयार भुकटी वापरायची तर गुलाबपाणी थोडे-थोडे घालावे. एकदम ओतले तर लेप पातळ होऊन मजारीच्या कडांवरून ओघळतो आणि नवा गलेफ चढवताच त्यावर डाग उमटतात.

गलेफ म्हणजे आच्छादन, मूळ अरबी गिलाफ. गलेफ कापडाचा, आणि नुसते 'चादर' म्हटले तर कापडाची की फुलांची हे सांगावे लागते. अनेक गावांत पहिल्या गलेफाचा किंवा संदलाचा मान पाटील-देशमुखांच्या घराकडे असतो, आणि ते घर बहुधा हिंदू असते. पत्रिकेत त्यांना 'प्रमुख पाहुणे' करू नका, 'मानकरी' लिहा. पाहुणा दर वर्षी बदलू शकतो. मान पिढीजात असतो, आणि त्यात गावाची सगळी वीण असते.

दख्खनमध्ये सोहळा बहुधा तीन दिवसांचा असतो : पहिल्या दिवशी संदल, दुसऱ्या दिवशी चिरागां म्हणजे दिव्यांची आरास, तिसऱ्या दिवशी झियारत. काही ठिकाणी आधी झेंडा चढतो, काही ठिकाणी क्रम थोडा बदलतो. आपल्या दर्ग्याचा क्रम मुजावरांना विचारूनच छापावा. मुजावर म्हणजे शब्दशः शेजारी, मजारीच्या शेजारी राहून तिची सेवा करणारा. सज्जादानशीन वेगळा : सज्जादा म्हणजे नमाजाची चटई, तिच्यावर बसणारा, म्हणजे त्या वलीच्या गादीचा आध्यात्मिक वारस. लहान दर्ग्यांत दोन्ही कामे एकाच घरात असतात, मोठ्या दर्ग्यांत नसतात, आणि पत्रिकेत या दोन पदांची अदलाबदल झाली तर वाद ठरलेला.

सर्वांत जास्त घोळ तारखेचा होतो, आणि त्याचे मूळ भाषेतच दडले आहे. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. गुरुवारला जुमेरात का म्हणतात? जुम्म्याची रात, म्हणजे गुरुवारचा सूर्य मावळला की शुक्रवार लागला. दर्ग्यांत गुरुवारी संध्याकाळी गर्दी असते ती याचमुळे. तेव्हा एखाद्या चांद-तारखेचा संदल रात्री असेल तर इंग्रजी तारीख आदल्या दिवसाची येते. पत्रिकेत दोन्ही तारखा, वार आणि 'सायंकाळी' की 'पहाटे' हे स्पष्ट लिहा. शिवाय महिना चंद्रदर्शनावर ठरतो, त्यामुळे महिनाभर आधी छापलेली तारीख एक दिवसाने हलू शकते. 'चंद्रदर्शनानुसार' हा एक शब्द घातला की भागते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि त्यात अधिक महिना नाही, म्हणून उरूस दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. नाथषष्ठी तशी फिरत नाही, कारण शालिवाहन पंचांग अधिक मास घालून सूर्याशी जुळवून घेते. परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस मात्र दर वर्षी २ फेब्रुवारीपासून भरतो. तिथे इंग्रजी तारीखच रूढ आहे, आणि पाळणेवाल्यांपासून एसटीपर्यंत सगळ्यांना ती तोंडपाठ असते.

जागांच्या नावांतही असेच शब्द दडले आहेत. खुलताबादला जुन्या लोकांच्या बोलण्यात 'रौझा' म्हणतात. रौझा म्हणजे बाग, त्यावरून पवित्र कबरीची जागा. याचा रमजानच्या रोजाशी संबंध नाही. तो फारसी, म्हणजे उपास. पत्रिकेत 'रोजा शरीफ' छापून भलताच अर्थ होतो. खुल्द म्हणजे स्वर्ग. औरंगजेबाला मरणोत्तर 'खुल्दमकान' ही पदवी मिळाली, तिच्यावरून खुल्दाबाद, आणि मराठी तोंडात खुलताबाद. १७०७ मध्ये त्याला इथे पुरले ते शेख झैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात, म्हणजे बादशहाची कबर वलीच्या मजारीच्या आश्रयाला आहे. झैनुद्दीन (मृत्यू १३६९) यांना 'बाईस ख्वाजा' म्हणतात. पुष्कळांना वाटते तिथे बावीस वली पुरले आहेत. तसे नाही, ते चिश्ती या सूफी परंपरेतले बाविसावे. समोरच त्यांचे गुरू बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७), दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला त्यांचे नाव आहे आणि पलीकडच्या तीरावरच्या झैनाबादला झैनुद्दीन यांचे. बुऱ्हानुद्दीन यांचे बंधू मुंतजबुद्दीन १३०९ मध्ये वारले, म्हणजे तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवण्याच्याही आधी. त्यांचे लोकनाव 'जर जरी जर बख्श', सोने देणारा. यातला 'जर' म्हणजे आपल्या पैठणीच्या काठातली जर.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात पाणचक्कीच्या आवारात बाबा शाह मुसाफिर यांची मजार आहे, नक्शबंदी या सूफी परंपरेतली. ती जागा मुळात तकिया. तकिया म्हणजे टेकण्याची जागा, फकीर-वाटसरूंचा मुक्काम. नहरीने दुरून आणलेल्या पाण्याच्या जोरावर तिथे जाते फिरे आणि तकियात उतरणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. शहरातले लोक पाणचक्की बघायला जातात आणि तकिया विसरतात. भाषेच्या दृष्टीने मला हे खटकते, कारण चक्की तकियासाठी होती. उस्मानपुऱ्याकडच्या शहानूरमियाँ दर्ग्याचे नाव तर रिक्षावाल्यापासून बँकेच्या पत्त्यापर्यंत सगळीकडे आहे. एका वलीच्या नावावर अख्खा भाग ओळखला जातो.

जेवणाचे शब्दही नेमके वापरा. सार्वजनिक पंगत असेल तर 'लंगर'. 'महाप्रसाद' लिहिले तरी कोणी हरकत घेत नाही. कंदुरी वेगळी. मूळ फारसीत जेवणाचे दस्तरखान, म्हणजे जेवताना अंथरायचे कापड, मराठवाड्यात पिराला बोललेल्या बोकडाचे जेवण. नवस एका घराचा असतो, बकरे मुलाणी कापतो, फातेहा होते, मग सोयरेधायरे भाकरी-मटणाला बसतात. म्हणून पत्रिकेत 'सार्वजनिक कंदुरी' विचित्र वाटते. शेरणी म्हणजे नवस फिटल्यावर वाटायची साखर किंवा गूळ, मूळ फारसी शीरीनी, गोडी. आपल्याकडे मारुतीच्या पारावरही शेरणीच वाटतात.

मलिदा म्हणजे 'चोळलेले'. एक किलो गव्हाच्या पिठाच्या जाड पोळ्या, अर्धा किलो किसलेला गूळ, पाव किलो तूप, चवीला बडीशेप आणि सुके खोबरे. पोळ्या कोमट असतानाच चुराव्यात. गार झाल्या की कडा कोरड्या राहतात आणि तूप आत शिरत नाही. गुळाचे पाणी करून घातले तर मलिदा न होता चिकट गोळा होतो. राजकारणात 'मलिदा खाणे' फार बदनाम झाले आहे, पण दर्ग्याच्या पत्रिकेत शब्द मूळ अर्थानेच वाचला जातो, बिनधास्त लिहा.

शेवटी नावापुढची अक्षरे. वलीच्या नावानंतर 'रह.' लिहितात, म्हणजे रहमतुल्लाह अलैह, त्यांच्यावर ईश्वराची कृपा असो. 'रजि.' ही खूण पैगंबरांच्या सहकाऱ्यांसाठी आणि 'सल्ल.' फक्त पैगंबरांसाठी. छापखान्यात जुनी फाइल उघडून मजकूर बदलताना या तिघांची सरमिसळ होते, आणि छापून आल्यावर सगळ्या प्रती बाद कराव्या लागतात. 'रह.' पूर्ण नावानंतर एकदा, पहिल्याच उल्लेखात द्यावे. प्रत्यय त्यानंतर जोडू नका, 'रह.यांचा' असे चिकटते, 'हजरत अमुक (रह.) यांचा उरूस' असे मोकळे लिहा.