उष्णताप्रेमी आर्कियांचे शर्करा-चयापचय: नवोदितांसाठी

निपाणीच्या महाविद्यालयातून आपण या विषयाकडे वळत आहात, याचा आनंद वाटला. आर्किया म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे, पण त्यांच्याहून वेगळे एकपेशीय जीव. त्यांची सगळी विकरे (एन्झाइम) एकदम हाताळू नका. आधी पायरोकॉकस फ्युरिओसस हा एकच जीव घ्या. तो १०० अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो, आणि त्याचे ग्लुकोकायनेज हे विकर ग्लुकोजला फॉस्फेट जोडताना एटीपी या पेशीच्या नेहमीच्या ऊर्जावाहकाऐवजी एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेले त्याचेच रूप) वापरते. पाठ्यपुस्तकातले ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडण्याचा नेहमीचा मार्ग) जसेच्या तसे गृहीत धरणारे येथेच फसतात.

याहून अधिक दगा बफर (पीएच स्थिर राखणारे द्रावण) देतो. ट्रिस या नेहमीच्या बफरचा पीएच दर अंशामागे सुमारे ०.०३ने उतरत असल्याने २५ अंशांना ८.० असा जुळवलेला बफर ८५ अंशांना साडेसहाच्याही खाली जातो. मोजणीतील साहाय्यक विकर (आपल्या विकराचे उत्पादन मोजता येईल अशा रूपात बदलणारे) यीस्टचे असेल, तर ते त्या उष्णतेत टिकत नाही आणि दोष मात्र आपल्या विकरावर येतो. नळ्या घट्ट झाकणाच्याच घ्याव्यात (बेळगावच्या उंचीवर उघडे पाणी तसेही १०० अंशांआधीच उकळते).

शुद्धीकरण मात्र सोपे आहे: ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेल्या विकराचा पेशीअर्क ८० अंशांना अर्धा तास ठेवला की यजमान जिवाणूची बहुतेक प्रथिने साकळतात आणि उष्णता सोसणारे आपले विकर द्रावणात उरते. सल्फोलोबस या दुसऱ्या आर्कियाची ग्लुकोज तोडण्याची फाटे फुटलेली वाट तूर्त बाजूला ठेवावी.